इन्व्हर्टर १८० व्होल्ट दाखवतोय? प्रिसेटला हात लावण्याआधी या चुका टाळा

जुना मॉडिफाइड स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर (मध्ये शून्यावर थांबणारी चौकोनी लाट देणारा), बॅटरी भरलेली, दिवे लख्ख. पण मीटरवर १८०. मग झाकण उघडून २३० येईपर्यंत प्रिसेट (आउटपुट कमी-जास्त करणारा छोटा स्क्रू) फिरवला जातो. माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

साधा मीटर आरएमएस, म्हणजे तेवढीच उष्णता देणाऱ्या डीसीइतकं व्होल्टेज, मोजतच नाही. तो एसी रेक्टिफाय करतो (एकाच दिशेचा बनवतो), सरासरी काढतो आणि १.११ ने गुणून आकडा दाखवतो. हा गुणक फक्त साइन वेव्हचा, म्हणजे गुळगुळीत लाटेचा. आपला इन्व्हर्टर मात्र निम्मा वेळ ३२५ व्होल्ट देतो (आळीपाळीनं उलटसुलट दिशेनं) आणि निम्मा वेळ शून्य. सरासरी १६२.५, तिला १.११ ने गुणलं की झाले १८०! ट्रू आरएमएस मीटर क्षणाक्षणाच्या व्होल्टेजचा वर्ग करतो, त्या वर्गांची सरासरी घेतो आणि मग वर्गमूळ काढतो. ३२५ चा वर्ग १,०५,६२५. त्याच्या निम्मे ५२,८१२. वर्गमूळ जवळपास २३०. हीटरची कॉइल तापते तीही व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबानं, म्हणून खरा आकडा हाच. प्रिसेट फिरवून पल्स (३२५ व्होल्ट असण्याचा वेळ) रुंद केलीत आणि साध्या मीटरवर २३० आणलेत, तर प्रत्यक्षात २६० च्या आसपास जाताय.

‘पण सॉकेटमध्ये माझा मीटर २३० दाखवतो की!’ दाखवणारच. तिथे जवळपास साइन वेव्ह असते, दोन्ही मीटर जुळतात. त्या तपासणीवरून इन्व्हर्टरबद्दल काहीच कळत नाही. डिमरवरही तेच: ट्रायॅक (डिमरमधला इलेक्ट्रॉनिक स्विच) प्रत्येक अर्ध्या लाटेचा पहिला निम्मा भाग कापत असेल, तर दिव्याला मिळतात १६३ व्होल्ट आणि साधा मीटर दाखवतो ११५.

ट्रू आरएमएस मीटर घेतला तरी एक गोष्ट सुटते. पुष्कळ मीटर एसी रेंजवर डीसीचा भाग अडवतात. २३० व्होल्टच्या लाइनमध्ये एक डायोड (एकाच दिशेनं वीज जाऊ देणारा भाग) टाकून लोडवर मोजा: एसीवर साधारण १२५, डीसीवर १०३.५. दोन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढलं की १६२.५ हा खरा आरएमएस मिळतो. मीटरवर एसी अधिक डीसी अशी वेगळी रेंज असेल तर हा खटाटोप नको.

आणि एसी रेंजवर दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवल्यावर शेवटचे एक-दोन अंक नाचत राहिले, तर मीटर बिघडला म्हणून दुकानात परत नेऊ नका. ट्रू आरएमएस मीटरमध्ये असं पुष्कळदा होतं, त्यानं २३० व्होल्टच्या मोजमापाला काही बाधा येत नाही.