फॉस्फरसचा रिपोर्ट वाचताना आकड्याआधी वेळ बघा

आधी रक्ताच्या रिपोर्टात फॉस्फरसचीच ओळ वाचताय ना, ते बघा. ‘अल्कलाइन फॉस्फटेज’ ही वेगळी तपासणी आहे. तिचा आकडा शंभरच्या आसपास असणं नेहमीचं, पण त्यालाच फॉस्फरस समजून घाबरलेली माणसं नाशिकच्या लॅबमध्ये काउंटरवर मला सतत भेटतात. मोठ्या माणसाचा फॉस्फरस साधारण २.५ ते ४.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. रिपोर्ट मिलिमोलमध्ये असेल तर आकड्याला ३.१ ने गुणा. वाढत्या वयाच्या मुलांची पातळी मोठ्यांपेक्षा जास्तच असते, तेव्हा पाच वर्षांच्या पोराचा ५.५ आला म्हणून रात्री डॉक्टरांना फोन करू नका.

खरी गोम पुढे आहे. आकडा वर गेलेला दिसला की हा फॉस्फरस पेशंटच्या अंगातला आहे की नळीत वाढलेला, हे आधी ठरवा. तांबड्या पेशींत फॉस्फेट ठासून भरलेलं असतं. रक्त काढताना पेशी फुटल्या, किंवा सिरम (रक्त गोठल्यावर वर राहणारं पिवळसर पाणी) वेगळं करायला उशीर झाला, की ते बाहेर पडतं आणि मशीन तेही मोजतं. एप्रिलच्या उन्हात निफाड-सिन्नरकडून मोटारसायकलच्या डिकीत तापत आलेल्या नळ्या मी हाताळल्यात. त्यांतला फॉस्फरस बघून कुणी औषध ठरवावं, हे मला मुळीच पटत नाही. घरी येऊन रक्त नेणाऱ्याला तोंडावर विचारा: नळी लॅबमध्ये किती वाजता पोचणार? थंड पेटी आहे का? तो चिडला तर चिडू दे.

रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात ‘हिमोलाइज्ड सॅम्पल’, म्हणजे पेशी फुटलेलं रक्त, असा शेरा आहे का बघा. असेल तर तो आकडा विसरा आणि पुन्हा रक्त द्या. शेरा नसेल तरी एक खूण असते. फॉस्फरस आणि पोटॅशियम दोन्ही वर, पण क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा आकडा) मात्र एकदम ठीक, असं दिसलं की माझा पहिला संशय नळीवर जातो.

दुसरी गोष्ट वेळेची. फॉस्फरस दिवसभर एका जागी राहत नाही. सकाळी तो खाली असतो, दुपारनंतर चढतो. मागच्या महिन्यात सकाळी आठला दिलेलं रक्त आणि आज जेवून-खाऊन संध्याकाळी सहाला दिलेलं रक्त शेजारी ठेवून ‘वाढलं हो’ म्हणण्यात अर्थ नाही. सकाळी, उपाशीपोटी, दर वेळी त्याच लॅबमध्ये. पाणी चालतं. डायलिसिस असेल तर सुई लावल्यावर, मशीन सुरू व्हायच्या आधीचं रक्त. नंतरचा आकडा कमीच दिसणार आणि काही तासांत परत चढणार.

इथवर सगळं ठीक असेल तरच आकड्याचा अर्थ लावा, आणि तोही एकट्याचा नको. क्रिएटिनिन, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि पीटीएच (गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन) शेजारी हवेत. क्रिएटिनिनसोबत फॉस्फरस वाढला तर बोट किडनीकडे. फॉस्फरस वर, कॅल्शियम खाली, पीटीएचही खाली, पण किडनी चांगली, तर पॅराथायरॉइड कमी काम करतेय का हे तपासतात. फॉस्फरस कमी आणि कॅल्शियम जास्त असेल तर तीच ग्रंथी जास्त काम करत असू शकते. व्हिटॅमिन डीची कमतरता, दारू, अँटासिडचा मारा, शिरेतून दिलेली लोहाची काही इंजेक्शनं यांनीही फॉस्फरस उतरतो. १ मिलिग्रॅमच्या खाली गेला तर वाचत बसू नका, दवाखाना गाठा.

आता खाण्याचं. ‘फॉस्फरस वाढला, डाळी बंद’ हा सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं. मटकी-डाळींतला बराचसा फॉस्फरस फायटेट नावाच्या घटकात अडकलेला असतो, तो शरीर पुरता शोषत नाही. काळ्या कोलातला, प्रोसेस्ड चीजमधला, पाकिटबंद मांसातला घातलेला फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळा रक्तात जातो. आधी ते थांबवा. मिसळीचं काय ते किडनीच्या डॉक्टरांना विचारून ठरवा, कारण तिथे पोटॅशियम आणि मिठाचाही हिशेब असतो.

आणि डॉक्टरांनी सेव्हेलॅमरसारखी फॉस्फरस बांधणारी गोळी दिली असेल, तर ती जेवणासोबतच घ्यायची. रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळीला बांधायला काही मिळत नाही. ‘गोळ्या चालू आहेत तरी सहा आला’ असं म्हणणाऱ्याला मी आधी एवढंच विचारते: गोळी ताटाजवळ असते की औषधाच्या डब्यात?