इंदुरात दीडशे माणसांचा मेळावा घेताना

विषय ‘जागतिकीकरण आणि माणसाची प्रतिष्ठा’ असला, तरी पत्रकावर हे शब्द नकोत. ‘गिरणी बंद पडली, देणी कधी मिळाली?’ असं लिहा. इंदूरची हुकुमचंद मिल ही कापडगिरणी १९९१ साली बंद झाली. कामगारांच्या थकबाकीचा निकाल लागायला २०२३ उजाडलं. मालवा मिल या गिरणी कामगारांच्या परिसरात याहून जास्त समजवावं लागत नाही. पत्रक हिंदीत काढा, मराठी घरांसाठी मागच्या बाजूला मराठीत.

परवानगीचा अर्ज पंधरा दिवस आधी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच नसली की ऐन वेळी ‘अर्ज आलाच नाही’ हे ऐकावं लागतं. ध्वनिवर्धकाचा उल्लेख अर्जात वेगळा करा. रात्री १० नंतर उघड्यावर तो बंदच.

वेळ ठरवण्यात सगळ्यात जास्त चुका होतात. रविवारची संध्याकाळ कार्यकर्त्यांच्या सोयीची, पण फेरीवाल्याच्या धंद्याची. त्यांनाच विचारून सकाळ ठरवा. २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगणार असाल, तर ऐकायला पथविक्रेते हवेत ना!

पाणी माणशी दोन लिटर, म्हणजे वीस लिटरचे पंधरा जार. पोहे दहा-बारा किलो. वाफेवर ठेवा, परातीत झाकून ठेवले तर गोळा होतो.

वक्त्याला सात मिनिटं. माईक मात्र आधी बायकांच्या रांगेत फिरवा. मंचावरून सुरुवात झाली की मागची माणसं चपला शोधू लागतात. ठराव तीनच, आणि प्रत्येकापुढे जबाबदार माणसाचं नाव नि तारीख.