बागेत शिक्रा यायला लागलाय? मग या चुका टाळा

बेळगावात टिळकवाडीच्या बाजूला आमचं घर, मागं थोडी जागा, त्यात एक पेरू, एक शेवगा आणि भिंतीला लागून जुना आंबा. पेरूला फीडर टांगला, राळे आणि तांदळाची कणी घालायला लागलो, आधी चिमण्या आल्या मग मुनिया, होले, खारी, आणि एक दिवस सकाळी सगळं एकदम गप्प झालं. मिक्सर बंद केला तेव्हा लक्षात आलं. खिडकीतून बघतोय तर फीडरवर दोन मुनिया दगडासारख्या थिजून बसल्यात, मान पण हलवत नाहीत, आणि शेवग्यावर राखाडी पाठीचा, छातीवर बारीक तांबूस पट्ट्यांचा, कबुतराएवढा पक्षी. डोळे लालभडक. शिक्रा, म्हणजे छोटा शिकारी पक्षी, आणि लाल डोळ्यांवरून नर. मादी त्याच्यापेक्षा मोठी असते आणि तिचे डोळे पिवळट.

शेजारच्या कन्नड आजी "हद्दू बंतु, हद्दू बंतु" (घार आली, घार आली) ओरडायला लागल्या आणि मी काठी घेऊन धावलो. हीच पहिली चूक, आणि बहुतेक सगळे हीच करतात. हाकलून काही होत नाही, तो पलीकडच्या झाडावर जाऊन बसतो आणि तुम्ही आत गेलात की परत येतो. शिवाय त्याचं पोट काही फक्त चिमण्यांवर नाही, सरडे, उंदीर, खारी, नाकतोडे सगळं खातो, आणि झेपा बऱ्याचदा फुकट जातात. त्याला दगड, बेचकी, फटाके लावणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे हेही घरातल्या पोरांना सांगून ठेवा.

दुसरी चूक ओळखण्यात होते. पावशा, तोच "पेरते व्हा" ओरडणारा, उडताना हुबेहूब शिक्र्यासारखा दिसतो, लहान पक्षीसुद्धा फसतात आणि त्याच्यावर कालवा करतात. तो बिचारा सुरवंट खातो. चोच बघा, पावशाची सरळसर असते, शिक्र्याची आकड्यासारखी वाकडी. आणि वर गोल गोल फिरणारी, शेपटीला खाच असलेली ती घार, ती फीडरवरच्या चिमणीसाठी सहसा येत नाही, तिला तुमच्या मटणाच्या उरल्यासुरल्यात रस असतो.

आता फीडरची जागा, इथं सगळ्यात जास्त चुकतं म्हणून जरा सविस्तर. मी पेरूच्या बाहेरच्या फांदीला, मोकळ्यात लटकवला होता, फोटो छान यावेत म्हणून. शिक्र्याला तर ती ताटात वाढल्यासारखीच जागा. तो लांबून घिरट्या घालत नाही, पानांआड बसून बघत राहतो आणि भिंतीच्या, कुंपणाच्या आडून जमिनीलगत सरळ येतो. म्हणून फीडरपासून साधारण १० फुटांवर दाट झुडूप पाहिजे, मेंदी, जास्वंद, करवंद काहीही, म्हणजे पाखरू एका झेपेत आत शिरेल. अगदी चिकटून पण नको, कारण त्याच झुडपात मांजर दबा धरतं. खाली सांडलेले दाणे रोज झाडा, होले जमिनीवर टिपायला बसतात आणि सगळ्यात आधी तेच सापडतात.

काचेचं पण बघा. शिक्रा आला की सगळे एकदम उधळतात आणि खिडकीवर आदळतात, कधी कधी मागून शिक्रापण. फीडर काचेपासून ३ फुटांच्या आत ठेवा, म्हणजे वेग घ्यायला जागाच मिळत नाही, नाहीतर सरळ ३० फूट लांब. आणि काचेच्या बाहेरच्या बाजूला दोन दोन इंचांवर ठिपके लावा, एखादं स्टिकर लावून भागत नाही.

बरेच जण विचारतात, पिसं पडलीत, शिक्र्यानं मारलं की मांजरानं? बसून नीट बघा. आमच्याकडं एकदा शेवग्याखाली होल्याची पिसं गोलाकार पडली होती, देठासकट अख्खी, एकेक उपटलेली, वाऱ्यानं हलत होती. ते शिक्र्याचं काम. मांजर चावून ओढतं, त्यामुळं देठ तुटलेले, पिसं ओली आणि चिकटलेली मिळतात.

शिक्रा रोजच यायला लागला तर फीडर आठ-दहा दिवस काढून ठेवा, पाखरं पांगतात, तोही दुसरीकडं जातो, आणि परत लावला की पाखरं हळूहळू येतात. फीडर नाही म्हणून ती उपाशी मरत नाहीत. तेवढ्यात तो घासून धुवून कडक उन्हात वाळवा, पावसाळ्यात तर नक्कीच, आमच्याकडं आठ आठ दिवस ऊन नसतं आणि कणीला बुरशी येते. आजारी, सुस्त पाखरू शिक्र्याच्या पहिलं हाती लागतं, मग तो रोग त्याच्यातही जाऊ शकतो.

उंदरांचं औषध आणि चिकटपट्टी बागेत ठेवू नका, हात जोडून सांगतो. औषध खाऊन लडखडणारा उंदीर शिक्रा उचलतो, घुबड उचलतं, आणि मरतात दोघंही. घारीला चिकनचे तुकडे टाकायची सवय पण नको, नंतर ती माणसांच्या हातावर झेप घालते.

जखमी सापडला तर जाड टॉवेल टाकून धरा, पंजे सांभाळा, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा आणि वनखात्याला फोन करा. चोचीत पाणी, दूध, भात काही घालू नका.

मार्च ते जून शिक्र्याच्या घरट्यांचा काळ. यंदा भिंतीजवळच्या आंब्यावर काड्या जायला लागल्यात, वरची फांदी छाटायची ठरली होती कारण पानांनी पत्र्याची नळी तुंबते. आईला सांगितलं, पिल्लं उडेपर्यंत थांबूया. ती म्हणाली, "राहू दे, नळी मी हातानं साफ करते."