नाताळचा फराळ: कुलकुल उकलतात, बोलिन्यास पसरतात, तेव्हा काय चुकतं?

गोव्यात काय किंवा वसईत काय, नाताळचा फराळ स्वतःच्या घरासाठी जेवढा होतो, तेवढाच वाटण्यासाठी होतो. गोव्यात या वाटण्याच्या ताटाला ‘कोन्सुआद’ म्हणतात. त्यात कुलकुल (मैद्याच्या तळलेल्या छोट्या वळ्या), नेवऱ्या (करंज्याच), दोदोल (नारळ-गुळाची मऊ वडी), बोलिन्यास (रवा-खोबऱ्याची बिस्किटं), पेराद (पेरूची वडी) आणि जमलं तर बेबिंका या थराथरांच्या केकची एखादी फोड असते, वर विणलेला रुमाल. शेजारी ते ताट एका बैठकीत संपवत नाहीत, दोन-चार दिवस पुरवून खातात. म्हणून कढईतून काढल्या काढल्या पदार्थ कसा लागतो याला फार अर्थ नाही, तो चौथ्या दिवशी कसा लागेल ते बघायला हवं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तर जास्तच.

सुरुवातच क्रम चुकण्यापासून होते. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात काहीच होत नाही आणि मग तीन दिवसांत सगळं. टिकाऊ ते आधी करा: पेरूचं पेराद आणि दोदोल सर्वांत आधी, मग कुलकुल, मग बोलिन्यास. ओल्या खोबऱ्याच्या नेवऱ्या अगदी शेवटी, तेवीस-चोवीसला. नेवऱ्या आधीच उरकायच्या असतील तर सारणात सुकं खोबरं भाजून घाला, आपल्या दिवाळीच्या करंजीला घालतो तसं.

कुलकुल

सगळ्यात जास्त तक्रारी कुलकुलच्या. आणि त्यातली मोठी म्हणजे तेलात सोडल्यावर भुगा होणं. याला बहुतेक वेळा मोहन कारणीभूत असतं. अर्धा किलो मैद्याला दोन-तीन टेबलस्पून गरम तूप ठीक आहे, पण पीठ घट्ट नारळाच्या दुधात भिजवलं तर त्या दुधातही स्निग्धांश असतोच. डब्यातलं दाट दूध वापरत असाल तर ते पाण्याने पातळ करा, किंवा मोहन निम्म्यावर आणा. पिठाचा मुटका वळला की थांबायचं. खायचा सोडा घालू नका, त्याने कुलकुल हलके होण्याऐवजी तेल पितात. पिठातली साखरही बेताची हवी. ती जास्त झाली की बाहेरून लाल होतात आणि आत कच्चे राहतात.

वळ्या उकलत असतील तर पोळपाटावरचं सुकं पीठ बघा. काट्याच्या पाठीवर किंवा कुलकुलसाठीच राखून ठेवलेल्या नव्या कंगव्यावर गोळी चिकटू नये म्हणून मैदा भुरभुरला जातो. त्या मैद्यामुळेच कड नीट चिकटत नाही, आणि वर तो तेलात जळून तळाशी काळा गाळ धरतो. मैद्याऐवजी काट्याला तेलाचं बोट लावा. गोळी दाबून पसरवा, गुंडाळा, शेवटची कड चिमटीने दाबा आणि ती बाजू खाली करून ओलसर फडक्याखाली ठेवा. घरातली सगळी पोरं, मामी, आजी गोल बसून वळतात तेव्हा पहिली ताटली भरून तासभर नुसती पडून असते. फडकं नसेल तर ती वाळते आणि चिरा पडतात. म्हणून वळणारे हात जास्त असतील तेव्हा एकीने कढईशीच बसावं.

तळताना आच मध्यमपेक्षा कमी. एक कुलकुल टाकून बघा, तो सावकाश वर आला पाहिजे. फटकन वर आला आणि लगेच रंग आला तर दुसऱ्या दिवशी मऊ पडणार हे नक्की. हवा तो रंग येण्याच्या जरा आधीच झाऱ्याने काढा, बाहेरही रंग थोडा चढतो. मऊ पडलेच असतील तर साखर चढवण्याआधी ओव्हनमध्ये 120 अंशांवर दहा-पंधरा मिनिटं ठेवा, पूर्ण गार करा. साखर चढल्यावर मात्र हा उपाय चालत नाही.

साखरेच्या पाकात घोळवलेले कुलकुल चिकट राहतात ते एकतारी पाकामुळे. पाक दोन तारीच्या पुढे न्या, गॅस बंद करा, गार कुलकुल घाला आणि साखर पांढरी होऊन सुटी होईपर्यंत हलवत राहा. हात थांबवला तर गठ्ठा बनतो.

बोलिन्यास

रवा, खोबरं, साखर आणि अंड्यातला पिवळा बलक यांची ही गोव्याची बिस्किटं मला केकपेक्षाही प्रिय आहेत, म्हणून त्यांच्या बाबतीतली घाई मला बघवत नाही. पाकात खोबरं आणि रवा शिजवल्यावर मिश्रण रात्रभर मुरायलाच हवं. रवा फुगला नाही तर बोलिन्यास एक तर पसरतात, नाही तर हातात घेताच चुरतात. बलक सकाळी, मिश्रण पूर्ण गार झाल्यावर घाला. गरम मिश्रणात बलकाच्या गुठळ्या होतात आणि मग काही करता येत नाही.

गोळा चपटा करून काट्याने उभ्या-आडव्या रेघा ओढताना कडा फाटल्या तर मिश्रण कोरडं आहे, एखादा चमचा नारळाचं दूध मळा. रेघा बुजत असतील तर थोडा रवा घालून अर्धा तास थांबा. ओव्हन आधी तापवलेला हवा, 180 अंश, ट्रे मधल्या खणात, साधारण वीस मिनिटं. कडा सोनेरी झाल्या की काढा. तेव्हा बोलिन्यास मऊच लागतात, घट्टपणा गार होताना येतो. कडक होईपर्यंत आत ठेवल्या तर दुसऱ्या दिवशी दात लागणार नाही.

दोदोलसाठी एवढंच: माडाचा काळा गूळ विरघळवून गाळून घ्या, नाही तर कचकच लागते. आणि मिश्रण भांड्याच्या कडा सोडेपर्यंत, तेल सुटेपर्यंत ढवळायचं थांबवू नका. मध्येच उतरवलेला दोदोल कापल्यावर सुरीला चिकटतो, त्याला परत आचेवर चढवण्याशिवाय इलाज नाही.

ताट भरताना

दोदोल आणि पेराद कुलकुलांना चिकटून ठेवू नका. ओलावा रातोरात सुक्या पदार्थांत उतरतो. मध्ये बटर पेपर घाला किंवा वेगळी वाटी ठेवा. कोमट पदार्थ डब्यात भरून झाकण लावणं ही तर हमखास होणारी चूक. दोन-तीन तास उघडं ठेवून मगच भरा.

ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलं असेल तिथे सण होत नाही, कढई चढत नाही. तिथलं ताट विसरू नका, ते आधी पाठवा.

आणि अंड्याचं सांगा. बोलिन्यास, बेबिंका यांत बलक असतोच, काही घरी कुलकुलातही घालतात. नाताळ काही वर्षी मार्गशीर्षात येतो आणि शेजारच्या काकूंचा गुरुवार असू शकतो. त्यांच्यासाठी बिनअंड्याचे कुलकुल, नेवऱ्या आणि दोदोल असं वेगळं ताट लावा, आणि बिनअंड्याच्या घाण्याची कढई व झारा आधीच वेगळा काढून ठेवा.