ओलीत तगणारे आणि नत्र राखणारे वैरणीचे गवत कसे घडवावे

भंडारा-गोंदियाकडे भाताची रोवणी आटोपल्यावर खोलगट बांध्यांत (भातखाचरांत) आणि बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, काठावर पाणी आठवडेच्या आठवडे साचून राहते. अशा जमिनीसाठी गवताचे वाण घडवताना पाण्यात तगणे आणि जमिनीतील नत्र राखणे हे दोन गुण एकाच वाफ्यात कधीही तपासू नयेत. नत्र राखणे म्हणजे अमोनियम या रूपातील नत्राचे सहज हातचे जाणारे नायट्रेट होऊ न देणे; हे काम काही गवतांची मुळे करतात. पाण्याखालच्या मातीत प्राणवायू नसल्याने अमोनियमचे नायट्रेट होणे जवळजवळ थांबते आणि आधीचे नायट्रेट वायुरूपाने उडून जाते. म्हणून तेथे नायट्रेट कमी आढळले, तरी त्याचे श्रेय मुळांना देता येत नाही.

जनक म्हणून ब्राकिआरिया ह्युमिडिकोला हे मूळचे आफ्रिकेतील गवत घ्यावे. त्याच्या मुळांतून स्रवणारे ब्राकिआलॅक्टोन हे द्रव्य अमोनियमचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना आवर घालते, हे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. पाणथळ जागी लावले जाणारे आपल्या ओळखीचे पॅरा गवत तुलनेसाठी शेजारी असावे. परदेशी बियाणे मात्र राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या संगरोध (क्वारंटाइन) तपासणीतूनच आणावे.

खरी अडचण संकराची आहे. या वर्गातील बहुतेक गवते फलनाशिवाय बी धरतात, त्यामुळे रोप हुबेहूब आईसारखे निघते. म्हणून लैंगिक पद्धतीने बी धरणारे, गुणसूत्रांची संख्या जुळणारे झाड मादी म्हणून निवडावे आणि परागकण फलनाशिवाय बी धरणाऱ्या झाडाचे घ्यावेत. याच अडचणीचा पुढे फायदा होतो, कारण संततीतील एखादे उत्तम झाड फलनाशिवाय बी धरणारे निघाले, तर त्याचे गुण बियाण्यातून पिढ्यान्‌पिढ्या टिकतात.

प्रत्येक संकरित झाडाच्या ठोंबांचे दोन संच करावेत. पहिला संच कुंड्यांत लावून मुळे धरल्यावर मातीवर बोटभर पाणी तीन आठवडे ठेवावे आणि पिवळी पाने, नवे फुटवे व मुळांचे वजन नोंदवावे. मुळाचा आडवा काप घेतल्यास हवेच्या पोकळ्याही दिसतात. दुसरा संच निचऱ्याच्या जमिनीत किमान एक हंगाम वाढू द्यावा. नंतर मुळांलगतची माती चाळून, तीत अमोनियम सल्फेट मिसळून ती ओलसर, पण चिखल न होऊ देता ठेवावी, आणि ठरावीक दिवसांनी प्रयोगशाळेत नायट्रेट मोजून घ्यावे. गवत नसलेल्या वाफ्याची माती सोबत नसेल, तर ही मोजणी फुकट जाते. गवताने स्वतः शोषलेले नत्र वेगळे कळावे म्हणून कापणीच्या वैरणीतील नत्रही तपासावे.

दोन्ही संचांत वरचढ ठरलेली झाडेच बांधीच्या धुऱ्यावर (बांधावर) न्यावीत, आणि जनावरे ती आवडीने खातात की नाही, हे तेथेच पाहावे.