मुलाने झाडाचं पान चावलं तर या चुका टाळा, मिठाचं पाणी तर अजिबात नको

व्हॉट्सअ‍ॅपवर डंब केनचा (कुंडीत लावतात ते मोठ्या ठिपकेदार पानांचं शोभेचं झाड) तो मेसेज फिरतच असतो, की याचं पान खाल्लं तर मूल मिनिटभरात दगावतं. असं होत नाही हो. डंब केन, मनी प्लांट, कॅलेडियम, फिलोडेंड्रॉन या सगळ्यांत कॅल्शियम ऑक्झलेटच्या बारीक सुया असतात, आपल्या अळूत असतात त्याच, पान चावलं की त्या जिभेत आणि घशात घुसतात आणि मूल रडून लगेच थुंकून टाकतं, त्यामुळे पोटात फारसं जातच नाही. आग होते, सूज येते, पण बहुतेक मुलं बरी होतात. खरी धास्ती घ्यायला हवी ती कण्हेरीची, आणि ती तर आपण कंपाउंडला लावतो, देवाला वाहतो.

लाल-पांढरी कण्हेर काय किंवा पिवळी म्हणजे बिट्टी काय, पान, फूल, बी सगळ्यात हृदयाचे ठोके बिघडवणारं विष असतं, आणि बिट्टीच्या बिया तर मुलं खेळायलाच गोळा करतात. २०२४ मध्ये केरळात एक तरुणी दगावली, कण्हेरीचं पान चावल्याचा संशय होता, त्यानंतर तिथली मंदिरं सांभाळणाऱ्या त्रावणकोर देवस्वम बोर्डाने नैवेद्यात कण्हेरीची फुलं वापरणं थांबवलं. इथे होणारी चूक म्हणजे "एक उलटी झाली, आता खेळतंय ना, सकाळी बघू". नाही. ठोके काही तासांनीही बिघडू शकतात, म्हणून मूल हसतंखेळतं असलं तरी ईसीजीची सोय असलेल्या हॉस्पिटलला तेव्हाच न्या.

आता मिठाचं पाणी. घरात कुणीतरी मोठं माणूस ग्लासभर खारट पाणी घेऊन येतंच, नाहीतर घशात बोट घालतं, मनात काळजीच असते, पण प्लीज थांबवा त्यांना. लहान मुलाच्या रक्तात मीठ एकदम वाढलं तर झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो, म्हणजे झाडाने केलं नसतं ते मीठ करतं. वर उलटी करताना घसा परत सोलवटतो आणि मूल गुंगीत असेल तर उलटी फुफ्फुसात जाते.

मग करायचं काय? तोंडातले तुकडे ओल्या फडक्याने पुसून काढा, मूल शुद्धीत असेल तर चूळ भरायला लावा. डंब केन-मनी प्लांट प्रकारातलं असेल आणि गिळता येत असेल तर गार पाणी किंवा गार दूध घोट-घोट द्या, बरं वाटतं. अळूच्या भाजीत चिंच घालतो म्हणून सुजलेल्या तोंडात चिंच चोळू नका. लाळ गळायला लागली, आवाज बसला, श्वास घेताना आवाज येतोय, तर काहीही न देता १०८ ला फोन.

कुंपणाला लावतात तो शेर, लाल पानांचं पॉइनसेटिया यांचा चीक डोळ्यात गेला की लोक गुलाबपाणी, मध, आईचं दूध असलं काहीतरी घालतात. फक्त नळाचं पाणी, धार सौम्य, १५-२० मिनिटं सलग, मग डोळ्यांचे डॉक्टर. चीक लागलेले हात आधी साबणाने धुवा, नाहीतर तोच हात परत डोळ्याला.

धोतऱ्याचं सांगायलाच हवं. महाशिवरात्रीला फळं घरी येतात आणि पूजा झाली की कोपऱ्यात पडून राहतात. बी खाल्लेल्या मुलाचं तोंड कोरडं पडतं, अंग तापतं, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या दिसतात, ते असंबद्ध बडबडतं, हवेत हात मारतं, आणि घरचे "बाहेरचं काहीतरी झालंय" म्हणून दृष्ट काढत बसतात, त्यात वेळ जातो. ही विषबाधा आहे, हॉस्पिटलमध्ये यावर इलाज होतो.

निघताना झाडाची फांदी, फूल-फळासकट, पिशवीत घालून सोबत घ्या, फोटोही काढा. नर्सरीत "लकी प्लांट" म्हणून विकलेल्या झाडाचं खरं नाव विकत घेतानाच विचारून कुंडीवर मार्करने लिहून टाका, कारण डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात: कुठलं झाड, किती खाल्लं, कधी खाल्लं. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, २४ तास चालू असतं, टोल फ्री नंबर १८०० ११६ ११७, फोनमध्ये आत्ताच सेव्ह करा.