मिरचीचं पाणी ज्वारीवरच्या पाखरांसाठी नाही

रब्बी ज्वारीचं कणीस पोटरीतून, म्हणजे पानाच्या वेष्टणातून, बाहेर पडलं की दरवर्षी तोच प्रश्न येतो: कणसांवर मिरचीचं पाणी मारलं तर पाखरं हटतील का? नाही हटत. मिरची आपल्याला झोंबते, उंदराला आणि खारीलाही झोंबते; पाखरांना मात्र तिचा तिखटपणा जाणवतच नाही. पिंजऱ्यातला राघू लवंगी मिरची मजेत कुरतडतो, ते पाहिलंच असेल. मिरचीच्या झाडाच्या हे पथ्यावरच पडतं. दातांनी बी चिरडणारे लांब राहतात, आणि बुलबुलासारखे पक्षी फळ गिळून बी अख्खं दुसरीकडे टाकतात. तेव्हा तो फवारा आणि ती मजुरी वाचवा.

ज्वारीचं हत्यार वेगळं, ते म्हणजे टॅनिन. काही लाल-तपकिरी वाणांत दाण्याच्या सालीखालच्या थरात ते असतं. असा दाणा चिकात, म्हणजे आत दुधासारखा रस असताना, चावून बघा, कच्चं केळं खाल्ल्यासारखं तोंड आकसतं. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं म्हणून हा तुरटपणा. पोटातही ते प्रथिनांना तसंच धरतं आणि दाणा नीट पचत नाही. आफ्रिकेत क्वेलिया पाखरांचे थवेच्या थवे उतरतात, तिथे शेतकरी म्हणूनच अशी ज्वारी पेरतात. पण रंगावर जाऊ नका, प्रत्येक लाल ज्वारीत टॅनिन नसतं. शिवाय शेजारी गोड दाणा असेल तरच पाखरं तुरट सोडतात. दुसरं काही मिळालं नाही तर तेही खातात. बांधाला अशा चार ओळी लावून मधलं पीक वाचत नाही, पाखरू वरून उतरतं.

आपली मालदांडी ज्वारी पांढरी, टपोरी, गोडसर. भाकरीसाठी आपणच पिढ्यानपिढ्या तुरटपणा काढून टाकला, मग पाखरांना नावं कशाला ठेवायची!

म्हणजे राखण आलीच. दाणा चिकात आल्यापासून कडक होईपर्यंतचे साधारण ३ आठवडे जपा. उजाडल्यावरचे पहिले दोन तास आणि दिवस मावळायच्या आधीची वेळ, एवढ्यात शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, माणूस हवाच. चकाकती फीत पीळ देऊन ताणून बांधा, म्हणजे वाऱ्यावर ती फडफडते आणि आवाजही करते. एकाच जागी आठवडाभर ठेवली तर पाखरं तिच्यावरच बसतील. दर दोन-तीन दिवसांनी जागा बदला. गावात सगळ्यांची पेरणी एकाच आठवड्यात झाली तर नुकसान वाटलं जातं. एकट्याचं शेत आधी किंवा उशिरा निसवलं, म्हणजे कणसावर आलं, की सगळा थवा तिथेच. पुढच्या पेरणीला शेजाऱ्यांशी हे आधीच बोलून घ्या.

टॅनिनची लाल ज्वारी घरात असेलच, तर कोंबड्यांच्या खाद्यात बेताने घाला. त्यांनाही ती नीट पचत नाही आणि वाढ खुंटते.